अंगणातले गिनीपिग: मोकळे, पण आडोशाजवळ

पत्र

गणपतीत लेकीच्या हट्टाखातर दोन गिनीपिग आणले. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तीन पिल्लं झाली, संक्रांतीला आणखी चार. आता नऊ जण एका जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने राहतात. आम्ही सीबीडी बेलापूरला, पारसिकच्या पायथ्याशी रो-हाउसमध्ये राहतो. मागे बारा बाय पंधरा फुटांचं अंगण आहे, भोवती पाच फुटी भिंत. हरळी भरपूर वाढली आहे. जास्वंद, तगर आहे, कडेला कण्हेर आणि मोरीच्या पाण्यावर अळू. परदेशातले व्हिडिओ बघून लेकीला वाटतं की सगळ्यांना कायमचं अंगणात मोकळं सोडावं. सासरे म्हणतात, "जनावर जमिनीवरच शोभतं." मिस्टरांना भीती वाटते. शेजारच्या काकू म्हणतात, एवढी झालीत तर डोंगरावर सोडून द्या, तिथे गवताला तोटा नाही. आम्ही काय करावं?
– एक आई, बेलापूर

उत्तर

ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी कॅलेंडर पुढ्यात घेतलं. तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत साधारण सत्तर दिवस. गिनीपिगची मादी ५९ ते ७२ दिवसांत विते आणि व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर तर त्याच पिंजऱ्यात होता. तेव्हा तुमची मोठी मादी आत्ता तिसऱ्यांदा गाभण आहे असंच धरून चाला. पाडव्याच्या आसपास पुढची खेप येईल. तुळशीच्या लग्नाची पिल्लं आता तीन महिन्यांची झाली, त्यांत माद्या असतील तर त्यांचंही तेच. अंगणाबद्दल सविस्तर लिहिते, पण त्याआधी एक काम आज रात्रीच करायचं आहे: नर एकीकडे, माद्या एकीकडे.

संक्रांतीची चार पिल्लं तीन आठवड्यांची झालीत, ती आईच्या दुधावाचून राहू शकतात. नर पिल्लू तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात वयात येतं, मादी चौथ्या ते सहाव्या. आई, बहीण हे नातं त्यांच्यात आड येत नाही. ओळखायचं असं: पिल्लाला मांडीवर घ्या, एक हात छातीखाली, दुसरा कुल्ल्याखाली. मूत्रद्वाराच्या किंचित वर अंगठ्याने अगदी अलगद दाबलं तर नराचं लिंग बाहेर येतं. मादीला इंग्रजी वायसारखी चीर दिसते. शंका आली तर त्या पिल्लाला नर समजून बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र एकटं कुणालाच ठेवू नका. हा कळपाचा जीव आहे, एकटं पडलं की खाणं सोडतं. स्वित्झर्लंडमध्ये तर गिनीपिग एकटा पाळणं कायद्यानेच बंद आहे. बाप आणि एखादा लेक बहुधा जमवून घेतात. तीन-चार नर एकत्र, त्यात शेजारून माद्यांचा वास, असं झालं की दात कडकड वाजायला लागतात, मानेवरचे केस फुलतात आणि शेवटी चावाचावी होते.

कायमचा उपाय म्हणजे नरांची नसबंदी. ती केल्यावरही सहा आठवडे नर वेगळाच ठेवायचा, तेवढे दिवस तो पिल्लं देऊ शकतो. त्यानंतर एक नसबंदी केलेला नर आणि त्याच्याभोवती चार-पाच माद्या हा मी पाहिलेला सगळ्यात शांत कळप. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मादी पहिल्यांदा सहा-सात महिन्यांनंतर गाभण राहिली तर तिच्या ओटीच्या हाडांचा सांधा तोवर घट्ट झालेला असतो, पिल्लू अडतं, आणि बऱ्याचदा दोघंही जातात. आज वेगळी ठेवलेली मादी पुढे कधी "एकदा पिल्लं बघू" म्हणून नराजवळ सोडू नका.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर गिनीपिग बघतात असं नाही. आधी फोनवरच विचारा, गिनीपिगची शस्त्रक्रिया केली आहे का? जवळपास कुणी सापडलं नाही तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. आणि लेकीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे द्यायचं नाही. माझ्या पहिल्या जोडीतली मोती सर्दीने आजारी पडली तेव्हा एका दवाखान्यात तिला अमॉक्सिसिलिनचे थेंब दिले होते. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले, चौथ्या दिवशी पहाटे ती माझ्या ओंजळीत गेली. या औषधांनी गिनीपिगच्या आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात आणि विषारी जिवाणू माजतात. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. म्हणून आता गिनीपिग पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच भेटीत सांगते.

आता अंगण.

तुमच्या लेकीची ओढ खरी आहे आणि सासऱ्यांचं म्हणणंही. जाळीच्या तळावर राहून या प्राण्यांचे तळपाय सोलतात, सुजतात, मग ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पाय टेकायला सपाट, कोरडी जमीनच हवी. तेव्हा तो पिंजरा भंगारात जाईल तितकं बरं.

पण मोकळं म्हणजे काय, हे त्यांच्याकडे बघून ठरवायला हवं. नौपाड्याला आमच्या तळमजल्याच्या मागे तुमच्यापेक्षा जरा लहान अंगण होतं. सकाळी सोडल्यावर माझी सहा जणं कधीही मधल्या गवतात धावत गेली नाहीत. भिंतीच्या कडेकडेने, एकामागोमाग, पुढे म्हातारी चिंगी आणि तिच्या ढुंगणाला नाक लावून बाकीची. तगरीखाली थांबायचं, तिथून कौलाखाली, कौलाखालून जास्वंदीच्या बुंध्याशी. रोज तीच वाट, इतकी की आठ दिवसांत गवतात बोटभर रुंदीची पायवाट पडली. कावळ्याची सावली जमिनीवरून सरकली की सगळी जागच्या जागी दगड. हरळीचं पातं अर्धं तोंडात, अर्धं बाहेर, चावणंसुद्धा बंद. सावली गेली तरी दहा-पंधरा श्वास तशीच. मग चिंगी घशातल्या घशात बारीक घुरघुरायची आणि कचकच चावण्याचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. ज्या दिवशी मी साफसफाईसाठी कौलं उचलून ठेवली, त्या दिवशी सगळं अंगण रिकामं असूनही ती सहाच्या सहा एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. त्यांच्या लेखी मोकळी जागा म्हणजे जिथून आडोसा दोन ढांगांवर आहे ती जागा.

हा स्वभाव फार जुना आहे. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पेरू, बोलिव्हियाकडच्या लोकांनी त्याला सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. तिथल्या खेड्यांत आजही हा कळप स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा हिंडतो, चुलीच्या उबेला बसतो, भाजीची देठं खातो. मोकळा, पण छपराखाली आणि माणसांच्या पायांत. त्याचे रानटी भाऊबंद उंच गवतात राहतात, गवतातून बोगद्यासारख्या वाटा पाडतात. पण आपण पाळतो तो गिनीपिग जगात कुठेच रानात सापडत नाही. इतक्या पिढ्यांत त्याचं रान सुटलं ते सुटलंच. लेकीने व्हिडिओत बघितलेली थंड देशातली हिरवळ आणि आपलं खाडीकाठचं बेलापूर, यांतला फरक तिला या बाजूने समजावून सांगा. सहावी-सातवीतल्या मुलीला ते नीट कळतं.

मला सगळ्यात जास्त काळजी उन्हाची वाटते. १८ ते २४ अंशांत ही मंडळी सुखात असतात. २७-२८ च्या पुढे त्रास सुरू होतो आणि तिशीच्या वर, आपल्याइतक्या दमट हवेत, उष्माघाताने जीव जायला दोन तास पुरतात. त्यांना घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही जमत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ३३-३४ हे रोजचंच, मेमध्ये तर रात्रीसुद्धा पारा २६-२७ च्या खाली फारसा येत नाही. माझा बंडू एप्रिलात गेला. वर पत्रा होता, म्हणजे सावली होती, पाण्याची वाटी भरलेली होती. साडेबाराला पाहिलं तेव्हा तो काकडीचं साल खात होता. दोनला आडवा पडलेला, हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले. मी पत्र्याला आतून हात लावला तर चटका बसला. सावली म्हणजे थंडावा नव्हे हे मला त्या दुपारी कळलं, आणि पत्रा मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. कुणी असं निपचित दिसलं तर कान आणि पावलं साध्या पाण्याने ओली करा, बर्फाच्या पाण्याने नको, आणि लगेच दवाखाना गाठा.

तेव्हा दिवस-रात्र, बारा महिने अंगणात, याला माझं उत्तर "नाही" असंच आहे. आपल्या भागात अंगणाचा हंगाम दिवाळीचे फटाके थांबल्यावर सुरू होतो आणि होळीला संपतो. त्यातही सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यापासून दिवेलागणीपर्यंत. बाकी सगळा वेळ घरात. खालच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, फरशीवर जुन्या चादरींच्या घड्या किंवा भाताचा पेंढा, आणि भिंतीलगत पुठ्ठ्याची खोकी. प्रत्येक खोक्याला दोन दारं ठेवा, म्हणजे कुणी कुणाला आत कोंडणार नाही. उन्हाळ्यात पंखा, पण झोत थेट अंगावर नको. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा, दुपारी सगळी तिला टेकून लोळतील. ओली पोती किंवा वाळ्याचे पडदे नागपुराकडे उपयोगी पडतात. इथे त्यांनी फक्त दमटपणा वाढतो.

पावसाळ्यात तर अंगणाचा विचारच नको. जून ते सप्टेंबर जमीन वाळत नाही. ओल्या अंगावर खरजेचे किडे आणि बुरशी येते, ती बुरशी नायटा होऊन लेकीच्या हातावरही उमटू शकते. मागच्या बाजूला शी-मूत चिकटून राहिलं की माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. पावसाळ्यात रोज संध्याकाळी प्रत्येकाला उचलून मागची बाजू बघायची, यात एक दिवसही खंड नको. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो तुम्हाला माहीतच आहे.

आणि रात्र. पारसिकच्या पायथ्याशी राहता म्हणजे मुंगूस, धामण, घुशी, पिंगळे, शेजारची मांजरं, सगळे तुमचे शेजारी आहेत. पाच फुटी भिंत मांजराला पायरीसारखी. घूस भिंतीखालून उकरून येते आणि पिल्लं ओढून नेते. दिवसा कावळा, घार आणि भारद्वाज असतात. भारद्वाज दिसला की शुभ म्हणतात, मलाही तो आवडतो, पण तो लहान पिल्लू सहज उचलतो. म्हणून अंगणातसुद्धा चारी बाजूंनी आणि वरून जाळी हवी.

सगळं अंगण बंद करायची गरज नाही. भिंतीला धरून सहा बाय बारा फुटांचा तुकडा घ्या, पाच-सहा जणांना तो छान पुरतो. नरांसाठी मध्ये आडवी फळी घालून वेगळा भाग करता येईल. हार्डवेअरवाल्याकडे अर्ध्या इंची वेल्डमेश मागा. षटकोनी भोकांची कोंबड्यांची जाळी घेऊ नका, ती मांजर वाकवतं आणि घूस कुरतडते. गिनीपिग स्वतः बिळं खणत नाहीत, पण बाहेरून खणणारे आहेत, म्हणून जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट वळवून त्यावर विटा लावा. मोरीचं भोक त्याच जाळीने बंद करा. आत मंगलोरी कौलं उलटसुलट लावून बोगदे करा. जुनं घर पाडतात तिथे कौलं फुकटसुद्धा मिळतात. फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घातला की उत्तम घर होतं, मातीचं असल्याने थंडही राहतं. आत जितके जीव, त्याहून एक आडोसा जास्त ठेवा. आणि कुणीतरी मोठं माणूस पाट टाकून तिथे बसलेलं हवं. आजोबांना हे काम सांगून बघा, सकाळचा पेपर तिथेच वाचता येईल.

कण्हेर मुळासकट काढा. तिचं पानही विषारी आणि चीकही, आणि वाळून गळलेलं पानसुद्धा. अळू काढा, कच्च्या अळूने घसा सुजतो. कुठे घाणेरी, रुई, एरंड, धोत्रा, पानफुटी उगवली असेल तर तीही. जास्वंद राहू द्या, फुलं आणि पानं दोन्ही आवडीने खातील. हरळीबद्दल काय लिहू, गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे यांच्या घरचा भात. पण आजवर दुकानातल्या दाण्यांवर वाढलेल्या पोटाला एकदम चरायला सोडलं तर पोट फुगतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण वेळ. पालिकेची डासांसाठी धुराची गाडी येऊन गेली किंवा कुणी उंदरांचं औषध टाकलं तर काही दिवस बाहेर सोडू नका. यंत्राने कापलेल्या गवताचा ढीग आणून घालू नका, तो आतून तापतो आणि आंबतो.

घरात सुकं गवत चोवीस तास समोर हवं. यांचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत असतात आणि गवत चावूनच झिजतात. पेंढा अंथरायला ठीक, खायला निकस. लसूणघास गाभणीला आणि वाढत्या पिल्लांना थोडा चालतो, इतरांना नको, त्यातल्या चुन्याने (कॅल्शियमने) मूतखडे होतात. आणि माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज पोटात गेलं नाही तर सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, प्राणी चालायचा थांबतो. सशांच्या खाद्यात ते नसतं, आणि पाण्यात थेंब टाकले तर काही तासांत त्यांची ताकद उतरते. रोज मूठभर कोथिंबीर, ढोबळी मिरचीची एक फोड, अधूनमधून आवळ्याची किंवा पेरूची बोटाच्या पेराएवढी चकती, एवढं एका जिवाला पुरे. गाभणीला याच्या दुप्पट. चपाती, भात, बिस्किट, बटाटा, कांदा अजिबात नको. कुणी बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

काकूंचा सल्ला मात्र मानू नका, हात जोडून सांगते. डोंगरावर गवत आहे हे खरं, पण या नऊ जणांना ना तिथलं ऊन माहीत, ना पाणी, ना शत्रू. पहिली रात्रही निघणार नाही. प्राण्याला असं भुकेतहानेला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. नऊ जड वाटत असतील तर ओळखीच्या घरी द्या, जोडीने द्या, दोन माद्या किंवा दोन भाऊ, आणि आधी ते घर बघून या. दुकानात परत करू नका, तिथे पुन्हा "दोन्ही माद्याच" म्हणून कुणाच्या तरी पदरात पडतील.

होळीला अजून महिना आहे, म्हणजे सकाळची अंगणं या वर्षीही मिळतील. फक्त पोट दिसायला लागलेल्या माद्यांना उचलून नेऊ नका. खोकं जमिनीवर ठेवा, त्यांना आत चालत जाऊ द्या, मग खोकंच उचला. पहिल्या दिवशी कुणीही बाहेर येणार नाही. सगळी माठाच्या खापराखाली घुसून बसतील आणि लेक हिरमुसेल. तिला पाटावर बसवा, बोलू नको म्हणा, हातात कोथिंबिरीची पिशवी द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पिशवीची चुरचुर ऐकून आतून वीऽक वीऽक सुरू होईल, मग मोठी मादी नाक बाहेर काढेल, मिशा हलवत हवा हुंगेल, एक देठ ओढून पुन्हा आत जाईल. आठवडाभरात पिल्लं तिच्यामागून कडेकडेने निघतील, आणि एखाद्या सकाळी त्यातलं एक काहीही कारण नसताना जागच्या जागी उडेल, तव्यावर लाही फुटावी तसं, मग दुसरं, मग तिसरं. त्या दिवशीचं मला जरूर कळवा.